राधिकेची मालिका आणि मावशीची उकडपेंडी

सौंसरला माझ्या मावशीकडे रात्री आठ वाजता फोन केला तर ती उचलायची नाही. चुकून उचललाच तर "कोणी गेलं का? नाही ना? मंग साडेआठले कर," एवढं बोलून ठेवून द्यायची. आठ ते साडेआठ राधिकेची वेळ. झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' २२ ऑगस्ट २०१६ ला सुरू झाली आणि ७ मार्च २०२१ ला संपली. त्या साडेचार वर्षांत मावशीच्या घरातला स्वयंपाक, दिवाबत्ती, औषधाच्या गोळ्या, सगळं त्या अर्ध्या तासाच्या अलीकडे नाहीतर पलीकडे सरकलं होतं.

त्या काळातल्या एका हिवाळ्यात मी सौंसरला गेले होते. पोटाच्या दुखण्यानं दीड वर्ष हैराण झाल्यावर डॉक्टरांनी माझा गहू बंद केला होता. त्याच दिवशी पांढुर्ण्याहून मावसबहीण तिच्या पुण्यात शिकणाऱ्या मुलीला घेऊन आली. त्या मुलीनं दूध, दही, तूप, मध सोडलं होतं आणि तसं घोषितही केलं होतं. एका घरात, एका रात्री, एक गव्हावर रुसलेली आणि एक दुधावर. मावशी सोफ्याच्या कडेवर बसून आम्हा दोघींकडे बघत राहिली. "बाप्पा! हिले पोळी नाही, तिले दही नाही. मंग खाता काय तुम्ही दोघी?" घड्याळात साडेसात वाजले होते. राधिका यायला अर्धा तास होता.

आणि मग तिनं केली ती ज्वारीची उकडपेंडी. या लेखाचा विषय तीच, आणि तिच्यासोबत पाहिलेली ती मालिका. एखादा पदार्थ एखाद्या मालिकेसोबतच चांगला लागतो, हे मी त्या रात्री पहिल्यांदा मान्य केलं.

नागपूरहून सौंसर साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटर. सावनेर गेलं, सातनूरपाशी राज्य बदललं, की पाट्या बदलतात. 'ग्रामपंचायत'च्या मागेपुढची अक्षरं हिंदी होतात, पेट्रोलचा भाव बदलतो, शेतं मात्र तीच राहतात: कापूस, तूर, संत्र्याच्या बागा. चहाच्या टपरीवर बोलणंही तेच. हा इतिहास सीमेवरच्या प्रत्येक घराला पाठ असतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसरचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. तोवर त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ती भोपाळला गेली. म्हणजे सौंसरच्या माणसाची राजधानी तास-दीड तासाच्या वाटेवरून उठून अडीचशे किलोमीटरच्या पुढे जाऊन बसली, आणि तो मात्र जिथल्या तिथे राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरी जवळ आली, कागद हिंदीतच राहिला. त्यात गैर काही नाही. पण लिहायची भाषा एक, बोलायची एक, असं तीन पिढ्या चाललं की बोलायची भाषा हळूहळू फक्त स्वयंपाकघरात आणि टीव्हीसमोर उरते.

टीव्हीला पांढुर्णा माहीत आहे ते वर्षातून एका दिवसापुरतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव उभे राहतात, नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि गोटमार सुरू होते. दिवसभर दगड, रक्तानं माखलेली डोकी, रुग्णवाहिका, कॅमेरे. तिसऱ्या दिवशी कॅमेरे गेले की पांढुर्णा पुन्हा पडद्याबाहेर. गोटमारीबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. ते वेगळं प्रकरण आहे आणि त्याला वेगळा लेख लागेल. पण उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तिथली माणसं काय बघतात, काय खातात, हे कुठल्या वाहिनीनं विचारल्याचं मला आठवत नाही.

ती बघतात मराठी मालिका. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झाली, तीच पुढे झी मराठी झाली. २००० साली ई टीव्ही मराठी आली आणि पाठोपाठ 'चार दिवस सासूचे' आली, जी दहा वर्षांच्या वर हलली नाही. मध्य प्रदेशातल्या केबलवाल्यासाठी मराठी वाहिनी ही मागून घ्यायची वस्तू असते. फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकानं वाहिन्या निवडून पैसे भरायची पद्धत आली. तेव्हा मावशीनं मोबाइल भाच्याच्या हातात दिला आणि सांगितलं, "बाकी काही ठेव, नको ठेवू. राधिका राह्यली पायजे." नागपुरात मराठी वाहिनी आपोआप येते. सौंसरात ती मुद्दाम मागावी लागते, आणि मागितलेल्या गोष्टीची किंमत वेगळी असते.

राधिकाच का, तर ती नागपूरची होती. मालिकेतली राधिका सुभेदार नागपूरहून लग्न होऊन मुंबईच्या बाजूला आलेली, नवरा गुरुनाथ तिच्या बोलण्याला, तिच्या राहणीला लाजणारा, आणि शनाया नावाची ती दुसरी. गोष्ट काही नवी नव्हती. नवं होतं ते नायिकेचं बोलणं. तोपर्यंत आमच्याकडची बोली पडद्यावर यायची ती नोकराच्या, शिपायाच्या, फार तर विनोदवीराच्या तोंडून. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुऱ्यांनी वऱ्हाडीला घराघरात नेलं, ते मोठंच काम, पण ते हसवण्याचं काम होतं. राधिका रडायची, भांडायची, नवऱ्याला सुनवायची, धंदा उभा करायची, आणि हे सगळं 'करून राहिली', 'सांगून राहिली' म्हणत करायची. पुढे तिनं 'राधिका मसाले' काढले, आणि ज्या बाईला स्वयंपाकघरातली म्हणून हिणवलं, तिच्या स्वयंपाकघराचाच कारखाना झाला.

राधिकेची भूमिका करणाऱ्या अनिता दाते मूळ नाशिकच्या. त्यांची नागपुरी अस्सल होती का? माझ्या मते जरा जास्त होती. प्रत्येक वाक्याला 'राहिली' लागत नाही. आम्ही पण साध्या वर्तमानकाळात बोलतो. मावशीचा निकाल होता, "आपल्यापेक्षा हीच जास्त नागपुरी बोलते." पण हे ती कौतुकानं म्हणायची. उधार घेतलेलं का होईना, आपलं लुगडं नेसून कुणीतरी मंचावर गेलं होतं.

आता उकडपेंडी.

विदर्भात ती बहुधा गव्हाच्या जाडसर पिठाची करतात, काही घरी गहू-ज्वारी मिसळून, आणि आंबटपणाला ताक किंवा दही. उपमा आणि झुणका यांच्या मधलं काहीतरी, असं परक्या माणसाला सांगावं लागतं. तेही बरोबर नाही. पीठ तेलात भाजायचं, पाण्याचे शिपके मारायचे आणि वाफेवर उकडायचं. मावशीनं त्या रात्री गहू काढून टाकला, दही काढून टाकलं. डब्यात ज्वारीचं पीठ होतं, बरणीत चिंच होती.

मी तिच्यामागे उभी होते म्हणून सांगते. लोखंडी कढई, पाव वाटी शेंगदाण्याचं तेल. मोहरी, जिरं, हिंग, कढीलिंब, मूठभर शेंगदाणे. दोन कांदे बारीक चिरून, चार हिरव्या मिरच्या. कांदा लाल नाही करायचा, नुसता मऊ. मग हळद, आणि दोन वाट्या ज्वारीचं पीठ. इथून पुढे कढईपासून हलायचं नाही. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं पीठ भाजत राहायचं. आधी त्याला कच्चा, मातकट वास असतो. मग एकदम तो वास फिरतो, भाकरीचा पापुद्रा तव्यावर भाजल्यासारखा येतो. रंगाकडे बघू नका, ज्वारीचा रंग फारसा सांगत नाही, नाकावर भरवसा ठेवा. तोवर दुसऱ्या शेगडीवर पाणी उकळत ठेवलेलं. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ आणि मीठ त्यातच.

पाण्याची गोष्ट महत्त्वाची. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणूनच ती मला चालते. पण त्यामुळेच ती गार पाण्यानं एकत्र येत नाही. भाकरीच्या पिठाला आपल्या आया गरम पाणी का घालतात, त्याचं कारण हेच: उकळतं पाणी पडलं की पिठातलं सत्त्व फुगतं, मऊ होतं आणि एकमेकाला धरतं. दोन वाट्या पिठाला साधारण दोन वाट्या पाणी, पण एकदम ओतलंत तर त्याचं पिठलं होईल, तेही वाईट पिठलं. हातानं नाही, पळीनं, थोडं थोडं शिंपडायचं, उलथण्यानं हलवायचं, पुन्हा शिंपडायचं. वाटाण्याएवढे गोळे दिसायला लागले की थांबायचं. गव्हाच्या उकडपेंडीचे गोळे मोठे आणि लवचिक होतात. ज्वारीचे लहान, भुसभुशीत. ते तसेच असू द्या. वर झाकण, आच अगदी बारीक.

आणि हे सगळं तिनं मालिकेच्या हिशेबानं केलं. पीठ आठच्या आत भाजून कढई खाली उतरवलेली. सुरुवातीचं गाणं लागलं तशी हातात झारा घेऊनच ती बाहेर आली. पहिली जाहिरात लागली की आत. कढई पुन्हा गॅसवर, उकळत्या पाण्याचे शिपके, झाकण. मधला भाग संपेपर्यंत पेंडी वाफेवर. दुसरी जाहिरात लागली की झाकण काढून एकदा वरखाली, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी, वाट्या आणि चमचे. शेवटच्या भागात सगळे खात बसलेले. सरकारी नियमानं वाहिनीला तासाला बारा मिनिटं जाहिरात करता येते, म्हणजे अर्ध्या तासाला सहा. जाहिरातींच्या वेळांवर एवढा चोख स्वयंपाक मी पुन्हा कुठे पाहिला नाही. त्या दिवशी शनाया काय म्हणाली ते आता आठवत नाही. ती भूमिका करणारी नटी मध्येच बदलली होती आणि मावशीचा तिच्यावरचा राग अजून बसायचा होता, एवढं आठवतं. आणि आठवतं ते हे, की पडद्यावर राधिका बोलत होती, हातात गरम वाटी होती, आणि खाताना खाली बघावं लागत नव्हतं.

माझ्या दृष्टीनं टीव्हीसोबतच्या खाण्याची कसोटी हीच: एक हात, न बघता. झुणका-भाकरीत दूध नाही, गहू नाही, पण भाकर मोडायला दोन हात लागतात. पाटोडी-रस्सा तर टीव्हीसमोर घेऊच नये; राधिका रडली की रस्सा अंगावर. गोळाभात खाताना गोळा फोडून, वरून फोडणीचं तेल घालून कालवावा लागतो. त्याला भोजनाइतकाच मान द्यावा. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' लागली असेल तर भाजलेले शेंगदाणे नकोत, ठसका लागतो. हे मी भोगलं आहे. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या मात्र चालतील, वाटीत एकत्र कालवून, वर लसणाची फोडणी. अमेरिकेत १९५४ च्या सुमारास स्वान्सन कंपनीनं अॅल्युमिनियमच्या ताटलीत गोठवलेलं जेवण विकायला काढलं आणि त्याला टीव्हीचंच नाव दिलं. ताटलीत टर्की, मटार, रताळं. त्यांनी जेवण टीव्हीसाठी बनवलं. आमच्याकडे जेवण आधीपासून होतं, टीव्ही नंतर आला आणि उकडपेंडीजवळ येऊन बसला.

पुण्याहून आलेल्या मुलीनं दोन वाट्या संपवल्या आणि फोटो काढला. त्याखाली इंग्रजीत लिहिलं की हे व्हीगन आहे आणि ग्लूटेन-फ्रीही. मावशीनं विचारलं, "काय लिवलं?" मुलीनं समजावलं. मावशी म्हणाली, "आमच्या सासूले सांगतलं असतं तर तिनं मारलं असतं. हे तर गडीमाणसाचं खाणं होतं."

त्या दोन शब्दांचा जन्म मी नंतर शोधला, आणि दोन्ही धागे एकाच वर्षाला पोचले. 'व्हीगन' हा शब्द नोव्हेंबर १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी घडवला, दूध-अंडीही सोडणाऱ्यांना स्वतःचं नाव हवं होतं म्हणून. त्याच हिवाळ्यात समुद्रापलीकडे हॉलंडमध्ये युद्धामुळे दुष्काळ पडला होता; पाव मिळेनासा झाला. विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ आधीपासूनच गव्हावर संशय धरून होते. त्यांच्या लक्षात आलं की पोटाच्या एका चिवट आजाराची मुलं या उपासमारीत बरी होत आहेत, आणि पुन्हा पाव मिळाला की बिघडत आहेत. १९५० मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला आणि गहू दोषी ठरला. त्याच १९४४ मध्ये सौंसरच्या शेतावर मजूर जे खात असतील ते बहुधा ज्वारीचंच. दूध विकायला आणि तूप देवाला.

आता उलटं झालं आहे. गहू रेशनवर स्वस्त आला, पोळी रोजची झाली, खरिपात सोयाबीन आलं आणि ज्वारीचं शेत आक्रसलं. चांगल्या ओलिताच्या जमिनीत संत्रा. पांढुर्णा-सौंसर भागात आज संत्र्याच्या बागेचा मालक विचारला तर दहा सापडतील, घरच्या ज्वारीची भाकर खाणारा शोधावा लागेल. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, त्यानंतर शहरात ज्वारीला मान आला. माझ्या नागपुरातल्या वाण्याकडे ती गव्हापेक्षा महाग आहे. गडीमाणसाचं खाणं आता साहेबाच्या ताटात आहे. गड्याला परवडतं का, ते साहेब विचारत नाही.

एक राहिलंच. त्या रात्री उकडपेंडी उत्तम झाली, पण दुसऱ्या दिवशी माझं पोट दुखलं. गव्हाचा कणही खाल्ला नव्हता. मावशी अपराध्यासारखी डबे उघडून बघत बसली. ज्वारीचं पीठ? ते गावच्या चक्कीवरून आणलेलं, आणि चक्कीवाल्यानं आधी कुणाचा तरी गहू दळलेला असणार. आपल्याकडे उपवासाचं दळण असलं की चक्की आधी साफ करून घ्यायची रीत आहे, भगरीत गहू गेला तर उपास मोडतो. तीच रीत मला लागू पडते, हे तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पण खरा चोर दुसराच असावा. हिंगाची डबी. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक छापले होते आणि त्यात हिंगाच्या बरोबरीनं गव्हाचं पीठ होतं. बाजारात मिळतो तो बहुतेक बांधानी हिंग. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून त्यात पीठ आणि डिंक मिसळून तो वापरण्याजोगा करतात. कुणाचंही लक्ष जात नाही, कारण चिमूटभरच तर असतो. ग्लूटेन-फ्री असं लिहायचं तर आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोमागे वीस मिलिग्रॅम आहे. तिथे चिमटीलाही हिशेब असतो.

तेव्हापासून मावशीच्या घरी दोन गोष्टी बदलल्या. माझ्या नावाचं ज्वारीचं दळण उपवासाच्या दळणासोबत जातं, त्याच्या डब्यावर हिरवी चिंधी बांधलेली. आणि माझ्या फोडणीत हिंग नसतो. त्याऐवजी लसणाच्या चार पाकळ्या ठेचून घालते. खरं सांगायचं तर लसणानंच ती जास्त चांगली लागते, पण हे मावशीसमोर म्हणू नये.

राधिका २०२१ मध्ये गेली. नंतर आठ वाजता इतर मालिका आल्या, काही मावशीनं बघितल्या, काही दोन दिवसांत सोडल्या. जुने भाग आता मोबाइलवर दिसतात. भाचीनं एकदा लावून दिले तर मावशी म्हणाली की जाहिराती नाहीत तर मी उठू कधी.

तुम्ही करून बघणार असाल तर पाणी उकळतं घ्या, पीठ नाकानं भाजा, आणि घरात कुणाला गहू चालत नसेल तर आधी हिंगाच्या डबीची मागची बाजू वाचा.